आठ ठिपके

डॉ. तळवणेकर स्केचपेनाने गळ्यावर
आठ ठिपके काढते,
मधल्या रेषेच्या इकडे चार, तिकडे चार.
फुलपाखरासारखी असते म्हणते ही ग्रंथी.
मला तिसरी दिसते,
दोन शिंपांची, मिटलेली,
उकळत्या पाण्यातही जी तोंड उघडत नाही
आणि आपण वेचून फेकून देतो, तसली.

सर्जेकोटच्या बंदरावर बावीस वर्षं
मी लिलाव पुकारला.
माझ्या हाळीवर सुरमईचा भाव चढायचा.
बाबल म्हणायचा, जयवंती आराडली काय
आचऱ्याचे कावळे उठतत.
मग आवाजात रेती आली.
आधी वाटलं, खारा वारा.
मग केस फणीत, मग पाय सुजलेले,
मग भर वैशाखात गोधडी.
शेजारणी बघायला यायच्या.

रिपोर्टात एक आकडा होता, चार अंकी.
शत्रू कोण, मी विचारलं.
तुमचंच रक्त, ती म्हणाली,
तुमच्याच गळ्यावर चालून जातंय,
ओळख विसरलंय.
हे मला समजतं, म्हटलं.
रापणवाले आणि एलईडीवाले
एकाच वाडीतले, एकाच देवाला नारळ देतात,
आणि गेल्या कार्तिकात
एकमेकांच्या होड्यांचे दोर कापले.

पहाटेची गोळी चालूच, उपाशीपोटी,
वर अर्धा तास चहा नाही.
साडेचारला बंदरावर उभ्या राहणाऱ्या बाईला
हे सांगणारीने एकदा तरी बंदर बघावं.
उजेड गोळीच्या जोडीला.
खात्री देत नाही, ती म्हणाली,
थोड्याच लोकांवर तपासलंय,
काहींची गोळी कमी झाली, काहींची नाही.
खात्री न देणारं माणूस
लिलावात मी कधी पाहिलं नव्हतं.
म्हणून हो म्हटलं.
सासू दारातूनच, उजेडान खंय गळो बरो होता?

दहा बैठका. मंगळवार, शुक्रवार, कुडाळची एसटी.
डोळ्यांवर काळा चष्मा,
पहिल्या ठिपक्यावर थंड टोक.
काही होत नाही. ना चटका, ना मुंगी.
उजेड कुठाय?
डोळ्यांना दिसत नाही हा, ती म्हणते,
लाल दिवा नुसता मशीन चालू असल्याची खूण.
दिसत नाही तोच आत जातो.

चष्म्याआड मला मात्र दिसतो.
बारा वाव पाण्यावर जनरेटरची घरघर,
खाली सोडलेले पांढरे दिवे,
आणि तळातून वर येणारी बांगड्याची पिल्लं,
बोटभर,
दिवस उगवला समजून.

त्या होडीवर सर्वेश आहे.
माझा.
बापाने रापण ओढली, हा बटण दाबतो.
या बैठकांचे पैसे त्यानेच ठेवले,
तांदळाच्या डब्याखाली, न बोलता.
मीही घेतले, न बोलता.

आठव्या ठिपक्याला ती विचारते, दुखतंय?
नाही.
मग डोळ्यांतून पाणी?
चष्मा घट्ट आहे.

सहा झाल्या. आकडा अजून बघायचाय.
काल बंदरावर हाळी देऊन पाहिली,
रिकाम्या पाटीसमोर, कोणी नसताना.
कावळे हलले नाहीत.
एक कुत्रं उठलं,
माझ्याकडे बघून परत निजलं.
त्याची होडी लागायची होती.
पाटीत बोटभर बांगडे असणार,
आणि भाव मलाच पुकारायचा,
जेवढा निघेल तेवढ्या आवाजात.

परतताना पदराने मान पुसली.
पदर ओला.
दोन वर्षांत घाम म्हणून आला नव्हता.
उकाडाही असेल, ऑक्टोबर आहे.
ठिपके तेवढे पुसले गेले.
शुक्रवारी ती परत काढेल.